फोड हातापायांवर, दुखणं तोंडात

काही आजार दिसतात भयंकर आणि असतात साधे. हात-पाय-तोंडाचा आजार, ज्याला डॉक्टर एचएफएमडी म्हणतात, तो त्यातलाच. आमच्या धाकटीला झाला तेव्हा ती दोन वर्षांचीही नव्हती. व्हिडिओ कॉलवर जो तो म्हणायचा, "हात दाखव बरं जवळून," मग "अरे देवा!" आणि मग ठरलेला प्रश्न, "यावर काय लावताय?" काहीच लावत नव्हतो. लावत बसलो असतो तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली असती. खरं दुखणं तोंडात होतं, आणि ते कितपत आवाक्यात आहे याचा हिशेब डायपरमध्ये लागत होता. बाकी ताप, फोड, नंतर सोललेली कातडी हे सगळं आपापल्या वेळी आलं आणि आपापल्या वेळी गेलं.

सुरुवात झाली तेव्हा अंगावर काहीच नव्हतं. संध्याकाळी कणकण, रात्री १०१च्या आसपास ताप आणि खाण्यावरून उडालेलं मन. सासूबाई म्हणाल्या, "दाढा येत असतील, बघ ना किती लाळ गळतेय." लाळ गळत होती खरी, फ्रॉकचा गळा सारखा ओला व्हायचा. पण दात येताना ती हाताला लागेल ते चावत सुटायची, आणि आता चमचा तोंडाजवळ आला तरी मान फिरवत होती. भूक मेलेली नव्हती. वाटी दिसली की स्वतःहून पुढे यायची, पहिला घास जिभेवर पडला की तो बाहेर ढकलून कळवळून रडायची आणि पुन्हा वाटीकडे बघायची. भूक असून खाता न येणं आणि भूकच नसणं यातला फरक तेव्हा डोळ्यांसमोर दिसला. सकाळी पाळणाघरातून निरोप आला की तिच्या गटातल्या आणखी काही मुलांना ताप आणि पुरळ आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात, त्यामुळे सगळी मुलं मागेपुढे एकाच सुमारास आजारी पडलेली असतात.

डॉक्टरांनी तिला माझ्या मांडीवर त्यांच्याकडे तोंड करून बसवायला सांगितलं. माझ्या एका हाताने तिचे दोन्ही हात मिठीत धरायचे, दुसऱ्या हाताने कपाळ धरून डोकं माझ्या छातीशी टेकवून ठेवायचं. तोंड उघडायला सांगावं लागलं नाही, ते रडण्यानेच उघडलं. टॉर्च मारून त्यांनी मलाही वाकून बघायला लावलं. टाळूच्या मागच्या बाजूला, पडजिभेच्या आसपास बारीक लाल ठिपके होते. त्यातल्या काहींच्या मधोमध करडट-पिवळा खळगा पडला होता आणि भोवती लालभडक कड. एक व्रण जिभेच्या बाजूला होता, नेमका दाढेला घासेल असा. तो बघितल्यावर ती घास का ढकलते हे विचारायची गरज उरली नाही. मग मोजे काढले. तळव्यांच्या कडेला लांबट, करड्या रंगाचे, किंचित फुगलेले फोड, हाताच्या बोटांवर तसेच दोन-चार, आणि डायपर सोडल्यावर कुल्ल्यांवर लाल पुळ्या.

"कांजिण्या नाहीत ना?" हा माझा पहिला प्रश्न. कांजिण्या बहुधा छाती-पोट-पाठीवर सुरू होतात, जिथेतिथे पसरतात, प्रचंड खाजतात, आणि एकाच वेळी कुठे नुसता ठिपका, कुठे पाण्याने भरलेला फोड, कुठे खपली असं सगळं शेजारी शेजारी दिसतं. इथे फोड तळहात, तळवे, तोंड आणि कुल्ले एवढ्यापुरते होते आणि खाज जवळपास नव्हती. गोवर म्हणावा तर त्यात आधी जोरदार ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे आणि मग कानामागून चेहऱ्यावर आणि खाली उतरत जाणारं पुरळ असा क्रम असतो. हिरड्या सुजून रक्ताळलेल्या असत्या तर नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा संशय घेतला असता, असंही ते म्हणाले. निदान झालं ते एवढ्या बघण्यावरच. रक्त नाही, घशाचा नमुना नाही. साध्या केसमध्ये तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत मूल बरं झालेलं असतं, आणि निकालाने उपचारही बदलत नाहीत.

चिठ्ठीवर पॅरासिटामॉल सोडून काही नव्हतं. थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं हे मान्य करायला हवं. दवाखान्यातून बाहेर पडताना हातात औषधांची पिशवी नसेल तर आपली कोणी दखलच घेतली नाही असं वाटतं. पण हा विषाणू आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. या विषाणूंना मारणारं औषध नेहमीच्या वापरात नाही. सात ते दहा दिवसांत शरीर स्वतःच निपटारा करतं. तेवढ्या काळात मुलाचं दुखणं कमी ठेवायचं आणि अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं. वाचायला सोपं वाटतं. करायला घेतलं की दिवस पुरत नाही.

पॅरासिटामॉलची मात्रा वयावर न ठरवता वजनावर ठरवायची असते. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ११ किलोच्या मुलाला म्हणजे ११० ते १६५ मिलिग्रॅम. इथे लोक घसरतात ते मिलिग्रॅम आणि मिलिलिटरच्या गोंधळात. एकाच औषधाचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, आणि लहान बाळांसाठीचे थेंब तर सिरपहून कितीतरी कडक असतात. त्यामुळे "मागच्या वेळी पाच एमएल दिलं होतं" याला काही अर्थ नाही. बाटली बदलली की हिशेब बदलला. मी डॉक्टरांकडून बाटलीचं लेबल समोर धरून एमएल लिहून घेतले. आयबुप्रोफेन हे ताप-दुखण्याचं दुसरं औषध सहा महिन्यांवरच्या मुलांना चालतं, पण मूल नीट पीत नसेल तर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून ते विचारल्याशिवाय देऊ नका असं आम्हाला बजावलं होतं. ॲस्पिरिन मात्र मुलांना अजिबात नाही. विषाणूच्या आजारात ते दिल्याने रे सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा दुर्मिळ आजार होऊ शकतो.

डॉक्टरांनी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही होती की ताप नसला तरी पॅरासिटामॉल द्या. तोपर्यंत माझ्या डोक्यात ते तापाचं औषध होतं आणि थर्मामीटर बघूनच झाकण उघडायचं असं समीकरण होतं. तिचा ताप दोनेक दिवसांत उतरला, पण तोंडातले व्रण तेव्हाच ऐन भरात होते. मग औषधाची वेळ आम्ही खाण्याशी बांधली. औषध दिल्यावर अर्धा-पाऊण तास थांबायचं, तिला खेळवायचं, आणि ठणका कमी झालाय असं वाटलं की वाटी पुढे करायची. त्या तास-दीड तासात जे जाईल ते जाईल. वेळापत्रकाची जेवणं आम्ही सरळ रद्द केली.

काय जातं आणि काय जात नाही हे व्रण ठरवतात. आंबट, खारट, तिखट, गरम आणि टोकदार हे सगळं बाद. फळाचा रस 'ताकदीसाठी' म्हणून देऊ बघणारे खूप भेटतात, पण आंबट रस उघड्या व्रणावर काय करतो हे आपल्याला एकदा तोंड आलं की कळतंच. थंड दूध चाललं. थंडगार दही, पण अगदी गोड, तेही चाललं. आइस्क्रीमला सासूबाईंचा सक्त विरोध होता, "तापात गार?" म्हणून, डॉक्टरांनीच परवानगी दिलीय म्हटल्यावर त्या गप्प झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्वतःहून छोट्या वाटीत काढून तिला भरवलं. थंडीने व्रण काही काळ बधिर होतात, त्यामुळे पहिले दोन चमचे सावकाश गेले की पुढचे भराभर जातात.

बाटलीने दूध पिणारी मुलं या दिवसांत बाटली फेकून देतात. ओढताना टाळूवर ताण येतो आणि निपल थेट व्रणांवर घासतं. आम्ही उघड्या पेल्याने पाजायचा प्रयत्न केला, सांडलं जास्त. शेवटी उपयोगी पडली ती औषधाची पाच एमएलची सिरिंज, अर्थात सुई नसलेली. ती सरळ घशात मारायची नाही. ओठाच्या कोपऱ्यातून आत, गालाच्या आतल्या बाजूला टेकवायची आणि एका वेळी एखादा एमएल सोडायचा. गिळल्याचा आवाज ऐकायचा, मग पुढचा. जीभ आणि टाळू दोन्ही चुकवून पाणी मागे सरकतं. चार-पाच मिनिटांनी एक सिरिंज म्हटलं तरी तासाला पन्नासेक एमएल सहज जातात, आणि मूल "पितंय" असं कुणाला वाटतही नाही. थोरल्याला हे काम फार आवडलं. पाच वर्षांच्या मुलाला सिरिंज भरायचं काम दिलं की तो डॉक्टरपेक्षा कडक होतो. साधं पाणी ती नाकारायला लागली तेव्हा ओआरएस थंड करून दिलं.

तोंड बधिर करणारं जेल कुणीतरी सुचवलं होतं. ते आम्ही आणलं नाही. लहान मुलं ते गिळतात, त्यातलं भूल देणारं औषध रक्तात उतरतं आणि हृदयावर किंवा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. शिवाय घसा बधिर झाला की गिळताना ठसका लागायची भीती वेगळीच.

आता डायपरबद्दल. फ्रिजवर एक कागद चिकटवला होता आणि त्यावर दोन रकाने: काय पोटात गेलं आणि कधी शू झाली. घरात दोन-तीन माणसं आळीपाळीने मूल सांभाळत असतील तर हा कागद हवाच, नाहीतर "मघाशी ओलं होतं बहुतेक" या वाक्यावर सगळा कारभार चालतो. किती एमएल गेले यापेक्षा शू किती वेळा झाली याच्यावर विश्वास ठेवा, असं आम्हाला सांगितलं होतं, कारण पाजलेल्यातलं निम्मं फ्रॉकवर जातं. सहा-आठ तास डायपर कोरडं राहिलं, लघवी गर्द पिवळी आणि उग्र वासाची झाली, रडताना डोळ्यांत पाणी येईनासं झालं, तोंडातली लाळ चिकट झाली, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल होऊन पडून राहिलं, तर वाट न बघता दवाखान्यात जायचं. अशा काही मुलांना एखादा दिवस सलाईन लावावं लागतं. आमच्याकडे एक दुपार अशी गेली की रकान्यात बराच वेळ काही लिहिण्यासारखं घडलं नाही. डायपर हातात घेऊन त्याचं वजन जोखणं, कोरड्या नव्या डायपरशी तुलना करणं, हे सगळं मी केलं. मग ते भरलं, आणि एवढ्या आनंदाने डायपर बदलण्याची माझी ती पहिलीच वेळ.

पुरळाबद्दल सांगण्यासारखं कमीच आहे. फोड फोडायचे नाहीत. आतल्या पाण्यात विषाणू असतो आणि फुटलेल्या जागी जंतू शिरू शकतात. एखादा फोड आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुऊन कोरडा ठेवायचा. अंघोळ रोज घालायची, कोमट पाण्याने. दोन दिवस ती चालताना पावलांच्या बाहेरच्या कडांवर भार द्यायची, बदकासारखी डुलत. तळव्यावरचे फोड दाबले की दुखतात. पुरळ वाढलं म्हणजे आजार वाढला, असं समीकरण मात्र नाही. विषाणूचा कॉक्सॅकी ए६ नावाचा एक प्रकार आहे, त्यात फोड मोठे असतात आणि तोंडाभोवती, कोपरा-गुडघ्यांपर्यंत पसरतात. ज्या मुलांना आधीपासून एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजण्याचा त्रास, असतो त्यांच्या एक्झिमाच्या जागाच फोडांनी भरून जातात. बघवत नाही, तरी बहुतेक मुलं तेवढ्याच दिवसांत बरी होतात. कोणत्या जागी किती फोड याची मोजदाद करण्यात वेळ घालवू नये. कुठे एखादा भाग लाल होऊन गरम लागायला लागला, सुजला किंवा पू दिसला तर ती वेगळी गोष्ट, तिथे डॉक्टर लागतात.

रात्री मूल झोपलं की आईबाप फोन हातात घेतात आणि तिथून घाबरायला सुरुवात होते. मीही वाचलं, आणि वाचलेलं डॉक्टरांपुढे ठेवलं तेव्हा त्याची नीट संगती लागली. हा आजार एकाच विषाणूचा नव्हे. एन्टेरोव्हायरस नावाच्या मोठ्या कुटुंबातले बरेच विषाणू तो घडवतात. नेहमीचे म्हणजे कॉक्सॅकी ए१६ आणि ए६, आणि सगळ्यात बदनाम एन्टेरोव्हायरस ए७१. कॉक्सॅकी हे न्यूयॉर्क राज्यातलं हडसनकाठचं गाव, जिथल्या मुलांच्या नमुन्यांत या गटातला पहिला विषाणू १९४०च्या दशकाच्या अखेरीस सापडला. आजाराचं वर्णन १९५७ साली टोरंटोतल्या साथीवरून झालं. ए७१ हा १९६९ साली कॅलिफोर्नियात मिळाला. १९९७ साली मलेशियातल्या सारवाकमध्ये आणि १९९८ साली तैवानमध्ये त्याच्या मोठ्या साथी आल्या. तैवानमध्ये सव्वा लाखावर रुग्णांची नोंद झाली आणि ७८ जण दगावले, बहुतेक अगदी लहान मुलं. एवढे आकडे वाचले की छातीत धस्स होतं, पण सव्वा लाख आणि ७८ हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. ए७१ वर चीनमध्ये २०१५च्या अखेरीस लसीला मान्यता मिळाली, मात्र ती फक्त त्या एका प्रकारापासून वाचवते, ए१६ किंवा ए६ पासून नाही. आणि हो, गुरांना होणारा लाळ्या-खुरकूत हा अगदी वेगळ्या विषाणूचा आजार आहे. तो मुलांना होत नाही आणि मुलांचा हा आजार गुरांना होत नाही. माझ्या वडिलांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

ए७१ ची भीती आहे ती तो क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या भागापर्यंत पोचतो म्हणून. याच भागातून श्वास आणि हृदयाचं काम चालतं. त्यासाठी डॉक्टरांनी लक्षणं सांगून ठेवली होती: तीन दिवसांनंतरही न हटणारा किंवा खूप चढलेला ताप, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, झोपेत पुन्हा पुन्हा दचकणं, हात थरथरणं, चालताना तोल जाणं, न जागी होणारी गुंगी, धाप आणि घामेजलेले गार हातपाय. यातलं एकही दिसलं तर रात्र असो की पहाट, थेट रुग्णालय.

आणि एका रात्री ती दचकली. डोळा लागत होता, आणि दोन्ही हात एकदम वर उडाले. हे आणि मी, दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोबाइलचं घड्याळ समोर ठेवून बसलो. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी घाईने काही न सांगता प्रश्न विचारले. डोळा लागतानाच दचकली की गाढ झोपेतही? पुन्हा किती वेळा? उठवलं तर ओळखते का, उभी राहते का? पाय गार आहेत का? आम्ही तिला उठवलं. ती चिडली, उभी राहिली, उशी खाली फेकली आणि पाणी मागितलं. "उशी फेकली ना? छान," ते म्हणाले. झोप लागताना एखाद्या वेळी दचकणं सगळ्याच मुलांत असतं. तासाभरात पुन्हा पुन्हा व्हायला लागलं तर ताबडतोब या, आणि जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. व्हिडिओची ही सूचना फार मोलाची. तोंडी वर्णनात "झटका", "थरथर" आणि "दचकणं" हे सगळं एकच होऊन जातं. ती रात्र आम्ही पाळी लावून जागलो. पुन्हा काही झालं नाही.

तोवर घरातल्या बाकीच्यांचं काय? विषाणू लाळेतून, शेंबडातून, फोडातल्या पाण्यातून आणि शीतून पसरतो. शीमधला सगळ्यात चिवट, मूल ठणठणीत झाल्यावरही कित्येक आठवडे तो बाहेर पडत राहतो. सॅनिटायझरवर भरवसा ठेवून चालत नाही, कारण या विषाणूला चरबीचं आवरणच नसतं आणि अल्कोहोल मुख्यतः त्या आवरणावर हल्ला चढवतो. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, डायपर बदलल्यावर आणि भरवण्याआधी. खेळणी साबणाने धुऊन, वरून लेबलवर दिलेल्या प्रमाणात ब्लीचचं पातळ पाणी, आणि तोंडात जाणारी असतील तर पुन्हा साध्या पाण्याने. टॉवेल, पेला, चमचा वेगळा. इतकं करूनही थोरल्याला घसा दुखून एक दिवस ताप आला आणि टाळूवर चार ठिपके दिसले. अंगावर काहीच उठलं नाही, तरी आजार तोच. मोठ्या माणसांना होत नाही असा समज आहे तो खोटा. ह्यांच्या बोटांची टोकं दोन दिवस अशी ठणकत होती की शर्टाची बटणं थोरला लावून देत होता. मला काहीच झालं नाही, किंवा होऊन कळलं नाही. बऱ्याच मोठ्यांना लक्षणांशिवाय होतो आणि तेही तो पसरवतात.

नणंदेला सातवा महिना होता. तिला आम्ही फोनवरच सांगितलं की येऊ नकोस, आणि आदल्या आठवड्यात ती धाकटीला कडेवर घेऊन गेली होती ते तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला लावलं. गरोदर बाईला हा आजार झाला तरी बहुतेक वेळा सौम्यच असतो. काळजी असते ती बाळंतपणाच्या तोंडावर झाला तर, कारण नवजात बाळाला आईकडून लागण होऊ शकते आणि अगदी पहिल्या दिवसांतल्या बाळाला तो जड जाऊ शकतो. तिला काही झालं नाही.

पाळणाघराशी मात्र आमची थोडी वादावादी झाली. त्यांचं म्हणणं होतं की अंगावरचा शेवटचा डाग जाईपर्यंत मूल आणायचं नाही आणि आणताना 'आता संसर्ग नाही' असं डॉक्टरांचं पत्र आणायचं. असं पत्र कुणी प्रामाणिकपणे देऊच शकत नाही. शीतून विषाणू आठवडेच्या आठवडे जात असतो. त्या हिशेबाने मुलाला महिना-दीड महिना घरी बसवावं लागेल, आणि तोवर लक्षणांशिवाय विषाणू बाळगणारी मुलं तिथे खुशाल खेळतच असतात. डॉक्टरांचा निकष सरळ होता: औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही, तोंडातल्या व्रणांमुळे गळणारी लाळ थांबली, उघडे ओले फोड सुकले आणि मूल नेहमीसारखं खातंय-खेळतंय, तर पाठवा. सुकलेले डाग राहिले तरी हरकत नाही. त्यांनी पत्र लिहिलं ते एवढंच, की मूल बरं आहे आणि यायला हरकत नाही. मला विचाराल तर पाळणाघराने पत्राचा हट्ट धरण्यापेक्षा डायपर बदलण्याच्या टेबलाशेजारी बेसिन आणि साबण आहे की नाही हे बघितलं तर जास्त मुलं वाचतील. तसं मी तिथे बोललेही. बेसिन अजून त्या टोकालाच आहे.

तळव्यांची कातडी पुढच्या आठवड्यात पापुद्र्यांसारखी सुटली. ती ओढून काढण्यात धाकटीला मोठा रस होता, म्हणून मोजे घालून ठेवावे लागले. मग सगळं मागे पडलं, आणि महिन्याभराने नखं कापताना दिसलं की अंगठ्याचं नख मुळापाशी उचललं गेलंय. खाली नवं पातळ नख येत होतं आणि जुनं त्यावर टोपणासारखं सैल झालं होतं. मग दुसऱ्या बोटाचंही. कॅल्शियम कमी पडलं असेल इथपासून बुरशीपर्यंत सगळे तर्क झाले. प्रत्यक्षात ही या आजाराचीच शेपटी. आजाराच्या दिवसांत नखाच्या मुळाची वाढ काही काळ थांबते, आणि तो खंड चार ते आठ आठवड्यांनी पुढे सरकत दिसायला लागतो. २००८ साली फिनलंडमधल्या साथीत मुलांची नखं गळताना दिसली आणि त्या साथीमागे ए६ सापडला, तेव्हापासून या गोष्टीकडे जास्त लक्ष जाऊ लागलं. दुखत नाही, औषध लागत नाही. सैल नख कपड्यात अडकू नये म्हणून कापून टाकायचं, ओढायचं नाही. नवं नख पूर्ण यायला काही महिने लागले आणि ते अगदी नेहमीसारखं आलं.

एकदा झाला म्हणजे सुटलो, असंही नाही. ज्या प्रकाराने झाला त्याच्यापुरती प्रतिकारशक्ती येते. कुटुंबातला दुसरा विषाणू आला की पुन्हा. पुढच्या वर्षी थोरल्याच्या वर्गातून तशीच सूचना आली, तेव्हा मी धाकटीला काट्यावर उभं केलं, कारण वर्षभरात वजन वाढलं होतं आणि जुन्या चिठ्ठीवरचे एमएल आता कमी पडले असते. पॅरासिटामॉलच्या बाटलीची तारीख उलटून गेली होती. नवी आणली ती वेगळ्या ताकदीची निघाली, म्हणून डॉक्टरांना फोन करून नवा आकडा लिहून घेतला आणि तो बाटलीलाच चिकटवला. त्या खेपेला दोघांनाही काही झालं नाही.